तलाकनंतरची पोटगी : ऐपत, गरज आणि ईशभय

सर्व स्तुती अल्लाहसाठी, जो सर्व विश्वांचा पालनकर्ता आहे. दुरूद व सलाम असो त्याचे अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर, त्यांच्या परिवारावर आणि सोबत्यांवर.



तलाक कसा द्यावा, तो पडला की नाही, याविषयी आपल्याकडे पुष्कळ विचारणा होते. तलाकनंतर येणाऱ्या दहा-पंधरा वर्षांविषयी मात्र फार थोडे लोक विचारतात. वास्तविक माणसाच्या ईशभयाची खरी परीक्षा त्याच वर्षांत होते. निकाहचा करार संपतो, पण बाप हा बापच राहतो आणि आई ही आईच राहते.

मशिदीच्या हुजऱ्यात या विषयावर येणारे प्रश्न बहुधा तीन प्रकारचे असतात. एखादी भगिनी सांगते, "मौलाना, मुलगा तीन वर्षांचा होता तेव्हा जमातीने दरमहा तीन हजार ठरवून दिले. आज तो आठवीत आहे. रक्कम अजून तीच आहे." एखादा बंधू म्हणतो, "आखाती देशातली नोकरी सुटली. आता गावी रिक्षा चालवतो. ठरलेले बारा हजार आणू कोठून?" आणि तिसरा थोड्या रागातच विचारतो, "तिने दुसरा निकाह केला. मग मुलीचा खर्च अजून माझ्यावर का?"

तिन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. एकदा ठरलेली पोटगी बदलता येते काय? येत असेल तर कोणत्या मापाने, आणि कोणाच्या हाताने? या प्रश्नाचे उत्तर दिव्य कुरआन, हदीस आणि आपल्या फुकहांच्या ग्रंथांत स्पष्टपणे आले आहे. या देशाच्या कायद्यातही त्यासाठी मार्ग आहे. दोन्हींचा विचार करू या.

सूरह अत्-तलाकचा धडा

अल्लाहचे भय बाळगणाऱ्यासाठी तो वाट काढून देतो आणि कल्पनाही नसलेल्या ठिकाणाहून त्याला रोजी देतो, या अर्थाची आयत आपल्यापैकी अनेकांना पाठ आहे. कित्येकांच्या दुकानात ती गल्ल्यामागे चौकटीत लावलेली असते. परंतु ही आयत कोठे आली आहे, याचा विचार किती जण करतात? ती सूरह अत्-तलाकच्या दुसऱ्या व तिसऱ्या आयतीत आहे. व्यापाराच्या किंवा शेतीच्या आदेशांत ती आलेली नाही. इद्दत मोजा, स्त्रियांना घराबाहेर काढू नका, दोन न्यायी साक्षीदार ठेवा, अशा आदेशांच्या मधोमध रोजीचे हे वचन दिलेले आहे.

यामागचे मर्म उघड आहे. तलाकच्या वेळी माणसाच्या मनात सर्वांत मोठी भीती पैशाची असते. हिला दिले तर माझे काय उरेल, मुलांना दिले तर नवा संसार कसा चालेल, ही धास्ती त्याला अन्यायाकडे ढकलते. म्हणून अल्लाहने त्याच जागी सांगितले की, तू भय माझे बाळग, रोजीची चिंता माझ्यावर सोड. जो माणूस दुकानात ही आयत लावतो आणि आपल्या मुलाची पोटगी अडवून ठेवतो, त्याने आयतीचे वचन घेतले आणि तिची अट सोडून दिली.

त्याच सूरहच्या सातव्या आयतीत पोटगीचे माप सांगितले आहे. सुबत्ता असलेल्याने आपल्या सुबत्तेनुसार खर्च करावा, आणि ज्याची रोजी तंग आहे त्याने अल्लाहने जे दिले त्यातून करावा. अल्लाह कोणत्याही जीवावर त्याला दिले त्याहून अधिक भार घालत नाही, आणि तंगीनंतर तो सुलभता आणतो, असा तिचा आशय आहे. या एका आयतीत तीन गोष्टी आल्या. पहिली, माप ऐपतीचे आहे. दुसरी, तंगी आली म्हणून खर्च माफ झालेला नाही. थोडे असेल तर थोड्यातून द्यायचे आहे. तिसरी, तंगी ही कायमची अवस्था नव्हे. परिस्थिती पालटेल, हे आयतीनेच गृहीत धरले आहे. जेथे परिस्थिती पालटते तेथे रक्कमही पालटणार, हे ओघानेच आले.

चार हक्क वेगळे ओळखा

बहुतेक भांडणे हक्कांची सरमिसळ केल्यामुळे होतात. सगळ्याला मिळून 'पोटगी' म्हटले जाते आणि मग एका हक्काचे कारण दाखवून दुसरा हक्क बुडवला जातो. म्हणून प्रथम ते वेगळे करू.

पहिला हक्क महरचा. तो पत्नीचे कर्ज आहे. पतीची ऐपत घटली तरी तो आपोआप कमी होत नाही, आणि वाढली तरी वाढत नाही. जेवढा ठरला तेवढा द्यायचा आहे. तो पोटगीत वळता करून घेणे म्हणजे एक देणे देऊन दोन फिटल्याचे दाखवणे होय.

दुसरा हक्क इद्दतच्या काळातील निवासाचा व नफक्याचा. रजई तलाकमध्ये तो सर्वांच्या मते आहे. स्त्री गर्भवती असेल तर प्रसूतीपर्यंत खर्च देण्याचा आदेश सूरह अत्-तलाकच्या सहाव्या आयतीत आहे. बाइन तलाकमध्ये हनफी मतानुसार निवास व नफका दोन्ही आहेत; शाफई मतानुसार निवास आहे आणि नफका गर्भवतीसाठी आहे. आपल्या महाराष्ट्रात कोकणातील बांधव बहुतांशी शाफई आणि घाटावरील बहुतांशी हनफी आहेत. त्यामुळे हा फरक जमातीच्या मंडळींना ठाऊक असावा.

तिसरा हक्क मताअचा, म्हणजे तलाकशुदा स्त्रीला सन्मानाने देण्याच्या वस्तू किंवा रकमेचा. सूरह अल्-बकराच्या 241 व्या आयतीत तो ईशभय बाळगणाऱ्यांवर हक्क म्हणून सांगितला आहे, आणि 236 व्या आयतीत श्रीमंताने आपल्या ऐपतीप्रमाणे व गरिबाने आपल्या ऐपतीप्रमाणे द्यावा असे म्हटले आहे. तो कोणावर वाजिब आणि कोणावर मुस्तहब, याविषयी इमामांत मतभेद आहेत. परंतु तो देऊ नये असे कोणीच म्हटलेले नाही. आपल्या समाजात मात्र हा शब्दच जणू विस्मृतीत गेला आहे.

चौथा हक्क मुलांचा. तो आईचा नाही, बापाने आईवर केलेला उपकारही नाही. तो मुलाचा स्वतःचा हक्क आहे आणि आई तो मुलाच्या वतीने स्वीकारते. आता तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. स्त्रीने दुसरा निकाह केला तर तिचा स्वतःचा खर्च नव्या पतीकडे जातो. मुलीचा खर्च मात्र तिच्या जन्मदात्या बापाकडेच राहतो. ती आईपाशी राहो, आजीपाशी राहो वा अन्य कोणापाशी. ताबा कोणाकडे हा एक प्रश्न आहे आणि नफका कोणावर हा दुसरा.

हाच हक्क तडजोडीत विकताही येत नाही. खुलाच्या वेळी "मी मुलांचा खर्च मागणार नाही" असे आईकडून लिहून घेतले जाते. हनफी फुकहांनी अशा अटीची चर्चा केली आहे आणि शेवटी सांगितले आहे की, आई खर्च करण्यास असमर्थ ठरली तर बापाला तो करावाच लागेल; हवे तर ती रक्कम त्याने आईवर कर्ज धरावी. कारण उघड आहे. सही आईने केली, उपाशी मुलाने का राहावे?

रक्कम दगडावरची रेघ नव्हे

हजरत हिंद बिन्ते उत्बा (रजि.) यांचा प्रसंग सहीह बुखारी व सहीह मुस्लिममध्ये आला आहे. पती खर्चात हात आखडता घेतात, मला व मुलांना पुरेल एवढे देत नाहीत, अशी तक्रार त्यांनी प्रेषित (स.) यांच्यापुढे मांडली. प्रेषितांनी (स.) त्यांना पतीच्या संपत्तीतून स्वतःला व मुलांना रीतीप्रमाणे पुरेल तेवढे घेण्याची अनुमती दिली. हा प्रसंग संसार चालू असतानाचा आहे, हे लक्षात ठेवावे. परंतु फुकहांनी त्यातून दोन मोठी तत्त्वे काढली. मुलांचा खर्च बापावर आहे, हे एक. त्याचे माप 'पुरेसे' आणि 'मअरूफ', म्हणजे त्या काळातील व त्या समाजातील भली रीत, हे दुसरे. प्रेषितांनी (स.) आकडा सांगितला नाही. आकडा सांगितला असता तर तो एका शहराचा व एका काळाचा झाला असता.

हिदाया हा हनफी फिक्हचा ग्रंथ आपल्या मदरशांत शिकवला जातो. त्यात ही बाब स्पष्टपणे आली आहे. काजीने पतीच्या तंगीच्या काळात पत्नीचा नफका तंगीच्या मापाने ठरवला, आणि पुढे पतीला सुबत्ता आली, तर पत्नीने दाद मागितल्यावर काजी तो सुबत्तेच्या मापापर्यंत पूर्ण करील. धान्याचे भाव चढले किंवा उतरले तर ठरवलेली रक्कम बदलावी, असेही हनफी फुकहांनी लिहिले आहे. म्हणजे महागाईचा विचार हा आजच्या न्यायालयांनी आणलेला नवा विचार नाही. आपल्या बुजुर्गांनी तो शतकांपूर्वी नोंदवून ठेवला आहे.

शाफई फिक्हमध्ये पत्नीच्या नफक्याचे माप पतीच्या स्थितीनुसार पायऱ्यांनी सांगितले आहे. श्रीमंतावर रोज दोन मुद्द धान्य, मध्यम स्थितीच्या माणसावर दीड मुद्द आणि गरिबावर एक मुद्द. माणूस एका पायरीवरून दुसरीवर गेला की माप बदलले. मुलांच्या बाबतीत दोन्ही मजहबांचे मूळ सूत्र 'किफायत' हेच आहे, म्हणजे गरजेपुरते. गरज वयाबरोबर बदलते. तीन वर्षांच्या मुलाची गरज दूध, कपडे आणि औषध एवढी असते. तोच मुलगा तेरा वर्षांचा झाला की शाळेची फी, पुस्तके, गणवेश, बसचे भाडे यांची भर पडते. दहा वर्षांपूर्वीचा आकडा आज देणारा बाप कागदावर आपले वचन पाळत असेल; 'पुरेसे' या मापावर मात्र तो उतरत नाही.

वाढ केव्हा मागावी, केव्हा द्यावी

मुलाचे वय वाढले, शिक्षणाचा टप्पा बदलला, दीर्घ आजार उद्भवला, महागाई वाढली किंवा बापाचे उत्पन्न वाढले, ही वाढीची वाजवी कारणे आहेत. समजा, एका बापाचे वेतन वीस हजार असताना मुलीसाठी चार हजार ठरले. आज त्याचे वेतन चाळीस हजार आहे. घरात फ्रीज आला, मोटारसायकल आली, दुसऱ्या निकाहपासून झालेली मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गेली. पहिली मुलगी मात्र अजून चार हजारांवरच आहे. अशा बापाने कोणी दाद मागण्याची वाट का पाहावी?

येथे हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांची हदीस आठवावी. त्यांच्या वडिलांनी त्यांना एक देणगी दिली आणि तीवर प्रेषितांना (स.) साक्षी करावयास गेले. सर्व मुलांना असेच दिले आहे काय, असे प्रेषितांनी (स.) विचारले. दिलेले नाही असे समजल्यावर साक्षी होण्यास नकार दिला आणि अल्लाहचे भय बाळगून मुलांमध्ये न्याय करण्याची ताकीद दिली. ही हदीस देणगीविषयी आहे. देणगीत जर एवढी कडक ताकीद आहे, तर अन्न, वस्त्र आणि शिक्षण यांत पहिल्या पत्नीचे मूल व दुसऱ्या पत्नीचे मूल असा भेद करणाऱ्याचे काय होईल?

मागणाऱ्या भगिनींनीही मर्यादा ओळखावी. मागणी मुलाच्या गरजेएवढी आणि बापाच्या ऐपतीतली असावी. त्याला धडा शिकवण्यासाठी, किंवा त्याचा नवा संसार मोडावा म्हणून आकडा फुगवणे हा अन्याय आहे, आणि अन्याय स्त्रीने केला तरी तो अन्यायच राहतो.

घट केव्हा वाजवी ठरते

नोकरी गेली, यंत्रमाग बंद पडला, अपघाताने अंग निकामी झाले, व्यवसायात खरोखर खोट आली, तर रक्कम कमी करण्याची विनंती करणे हा बापाचा हक्क आहे. त्यात लाज नाही. सूरह अल्-बकराच्या 280 व्या आयतीत अडचणीतील ऋणकोला सुबत्ता येईपर्यंत सवलत देण्याचा आदेश आहे आणि सोडून देणे अधिक चांगले असे म्हटले आहे. ज्या भगिनीला आपल्या पूर्वपतीची खरी तंगी ठाऊक आहे, तिने स्वतःच्या हक्कात सवलत दिली तर ती सदका ठरेल.

परंतु खरी तंगी आणि दाखवायची तंगी यांत फरक आहे. तारखेच्या आधी दुकान भावाच्या नावावर करणे, वेतन रोखीत घेऊन पावती अर्ध्याची दाखवणे, काम करण्याची ताकद असून घरी बसणे, या युक्त्या न्यायाधीशापुढे कदाचित चालतील. अल्लाहपुढे त्या चालणार नाहीत. फुकहांनी स्पष्ट केले आहे की, बाप गरीब असला तरी कमावण्याची शक्ती असेल तर मुलांसाठी त्याने कमावलेच पाहिजे. आणि ऐपत असणाऱ्याने देणे लांबवत नेणे हा जुलूम आहे, असे प्रेषितांचे (स.) वचन बुखारी व मुस्लिम या दोन्हींत आले आहे.

दुसरा निकाह हे पहिल्या मुलांची रक्कम घटवण्याचे आपोआप कारण होत नाही. निकाह करताना आपल्यावर आधीच कोणाचा भार आहे, याचा हिशेब करणे हे त्याचेच कर्तव्य होते. अंथरूण पाहून पाय पसरावे, अशी आपली म्हण आहे. पाय पसरताना शेजारी निजलेल्या मुलाच्या अंगावरचे पांघरूण ओढून घेऊ नये, हेही त्यात आलेच.

बाप खरोखरच असमर्थ असेल तर? सूरह अल्-बकराच्या 233 व्या आयतीत वारसावरही तशीच जबाबदारी सांगितली आहे. त्या आधारे फुकहांनी आजोबा व इतर जवळच्या नातलगांवर क्रमाने भार ठेवला आहे, आणि त्यांनी केलेला खर्च बापावर कर्ज म्हणून धरता येतो असे सांगितले आहे. मुलाचा तलाक झाला आणि सून नातवंडांना घेऊन माहेरी गेली, म्हणजे आपला संबंध संपला, असे मानणाऱ्या दादा-दादींनी ही आयत जरूर वाचावी.

आपल्याच हाताने हप्ता तोडू नका

आता सर्वांत महत्त्वाची बाब. बदल मागणे वेगळे आणि बदल करून टाकणे वेगळे. रक्कम करारात किंवा न्यायालयाच्या आदेशात ठरली असेल, तर ती बदलेपर्यंत तेवढीच देय राहते. "मला परवडेना, म्हणून मी दोन हजारच पाठवू लागलो" हे उत्तर शरीअतमध्येही टिकत नाही आणि कायद्यातही टिकत नाही. हनफी फिक्हनुसार पत्नीचा मागील नफका काजीच्या निर्णयाने किंवा आपसांतील समझोत्याने ठरलेला असेल तर तो पतीवर कर्ज होतो. शाफई मतानुसार तर निर्णय नसतानाही तो कर्जच राहतो. आणि कर्जाचा हिशेब मृत्यूनेही मिटत नाही.

आपल्या देशात पत्नी, मुले व आईवडील यांच्या निर्वाहाची तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 मध्ये होती. 1 जुलै 2024 पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 2023 च्या कलम 144 मध्ये आहे. परिस्थितीत बदल झाल्यास रक्कम वाढवण्याची वा कमी करण्याची तरतूद पूर्वी कलम 127 मध्ये होती, ती आता कलम 146 मध्ये आहे. म्हणजे ज्याची नोकरी गेली त्या बंधूसाठीही दार उघडे आहे. मात्र त्याने अर्ज घेऊन त्या दाराने जावे. अर्ज न करता थकबाकी साठू दिली तर वसुलीचे वॉरंट निघू शकते, कैद होऊ शकते, आणि कैद भोगल्याने थकबाकी फिटत नाही. भगिनींनीही ध्यानात ठेवावे की, थकलेल्या रकमेच्या वसुलीसाठी या कायद्यान्वये ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. गप्प बसून वर्षे घालवू नयेत.

तलाकशुदा मुस्लिम स्त्रीच्या हक्काविषयी 1985 चा शाहबानो खटला आणि त्यानंतरचा 1986 चा कायदा सर्वांना माहीत आहे. 2001 मध्ये दानियल लतीफी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याचा अर्थ लावताना सांगितले की, पतीने स्त्रीच्या भविष्यासाठी वाजवी व न्याय्य तरतूद इद्दतच्या मुदतीत करावयाची आहे; ती तरतूद केवळ इद्दतपुरती नाही. 10 जुलै 2024 च्या निर्णयात त्याच न्यायालयाने तलाकशुदा मुस्लिम स्त्रीला कलम 125 चाही मार्ग खुला असल्याचे सांगितले. इद्दतनंतरच्या पोटगीविषयी आपल्या उलमांची भूमिका काय आहे, हे वाचकांना ठाऊक आहे आणि ती चर्चा या लेखाचा विषय नाही. मुलांच्या बाबतीत मात्र वादाला जागाच नाही. 1997 च्या नूर सबा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुस्लिम बापावर मुलांचा खर्च ती सज्ञान होईपर्यंत आणि मुलींचा खर्च त्यांच्या विवाहापर्यंत असल्याचे मान्य केले. हनफी फिक्हही मुलीविषयी हेच सांगते, आणि मुलाविषयी तो कमावता होईपर्यंत. ज्ञानार्जनात गुंतलेल्या होतकरू मुलाचा खर्चही फुकहांनी बापावर ठेवला आहे.

4 नोव्हेंबर 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा या निर्णयाने दोन्ही पक्षांना आपले उत्पन्न, मालमत्ता व देणी शपथपत्रावर जाहीर करणे आवश्यक केले. शपथपत्र म्हणजे शपथ आहे, हे मोमिनाने विसरू नये. त्यात खोटे लिहिणे हा केवळ कायद्याचा गुन्हा नाही. खोटी शपथ आपल्या दीनमध्ये महापातकांत गणली आहे. वकिलाने सुचवले म्हणून ती हलाल होत नाही.

मुलाला वेठीस धरू नका

सूरह अल्-बकराच्या 233 व्या आयतीतच आणखी एक आदेश आहे: आईला तिच्या मुलामुळे त्रास दिला जाऊ नये आणि बापालाही त्याच्या मुलामुळे त्रास दिला जाऊ नये. अल्लाहने दोन्ही बाजू एका दमात सांगितल्या, कारण दोन्ही बाजूंनी हा गुन्हा होतो.

बाप म्हणतो, "मुलाला भेटू देत नाही, म्हणून पैसे बंद." आई म्हणते, "पैसे थकले, म्हणून भेट बंद." दोघेही एकमेकांना शिक्षा करू पाहतात आणि ती भोगतो तिसराच, ज्याने काही केलेले नाही. बापाची भेट हा मुलाचा हक्क आहे आणि नफका हाही मुलाचाच हक्क आहे. एक हक्क बुडाला म्हणून त्याचा दुसराही बुडवणे, याला न्याय कसे म्हणावे? भेट अडवली जात असेल तर त्यासाठी जमातीकडे किंवा न्यायालयाकडे वेगळी दाद मागावी. पैसा मात्र तारखेला पोचला पाहिजे. पैसा थकला असेल तर त्याच्या वसुलीचा मार्ग धरावा. ईदच्या दिवशी बापाला सलाम करावयास निघालेल्या लेकराला दारातून मागे ओढू नये.

याच आयतीच्या आसपास, 237 व्या आयतीत, अल्लाहने आपसांतील औदार्य विसरू नका असे बजावले आहे. ज्या दोघांनी कधी एका ताटात जेवण केले, त्यांना विभक्त झाल्यावरही त्या दिवसांची काही बूज राखता येते.

काही व्यवहारी सूचना

पहिली, ठरेल ते लिहून ठेवा. देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश सूरह अल्-बकराच्या 282 व्या आयतीत आहे. समझोत्याच्या कागदावर महर, इद्दतचा खर्च, मताअ आणि प्रत्येक मुलाची रक्कम वेगवेगळ्या ओळींत लिहावी.

दुसरी, त्याच कागदात फेरविचाराची तारीख घालावी. दरवर्षी जूनमध्ये, शाळा सुरू होताना, दोन्ही घरांतील एकेक समंजस माणूस बसून रक्कम पाहील, असे लिहिले तर पुढची कितीतरी भांडणे टळतील. मुलाच्या बाबतीत आपसांत भल्या रीतीने विचारविनिमय करण्याचा आदेश सूरह अत्-तलाकच्या सहाव्या आयतीतच आहे. प्रकरण न्यायालयात असेल तर नव्याने झालेली सहमती तेथेही नोंदवावी, म्हणजे उद्या वाद होणार नाही.

तिसरी, पैसे बँकेतून पाठवावेत. मुलाच्या हातात नोटा देऊन "आईला सांग, एवढेच आहेत" असा निरोप पाठवू नये. ते ओझे त्याच्या वयाला पेलणारे नाही.

चौथी, दाद मागण्यासाठी पैसे नाहीत म्हणून कोणी भगिनी थांबू नये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना व मुलांना मोफत वकील मिळू शकतो. 1987 च्या कायद्याने त्यांना हा हक्क दिला आहे.

पाचवी सूचना जमातीच्या जबाबदार मंडळींसाठी. तलाकच्या दिवशी बैठक भरवून रक्कम ठरवली, एवढ्याने आपले काम संपत नाही. ती पोचते काय, पुरते काय, हे वर्षातून एकदा तरी विचारावे. ज्या बैठकीत समझोता लिहिला जातो तेथे आईला स्वतः बोलू द्यावे. तिच्या भावाने मानापोटी सोडलेले हक्क तिच्या मुलाला महागात पडतात. आणि खरोखर गरीब बापाला आधार द्यावा. त्याच्या मुलाची वर्षाची फी जमातीने भरली तर त्याची मान खाली जाणार नाही आणि मुलाची शाळा सुटणार नाही.

शेवटचे निवेदन

बंधूंनो, ज्यांचे पोषण आपल्यावर आहे त्यांना वाऱ्यावर सोडणे एवढे एकच पाप माणसाच्या विनाशाला पुरेसे आहे, या आशयाची हदीस सुनन अबू दाऊदमध्ये आली आहे. आणि सहीह मुस्लिममधील एका हदीसनुसार अल्लाहच्या मार्गात, गुलामाच्या मुक्तीसाठी, गरिबाला आणि आपल्या कुटुंबीयांसाठी खर्च केलेल्या दीनारांपैकी सर्वांत मोठा मोबदला कुटुंबीयांवर खर्च केलेल्या दीनाराचा आहे. तलाकनंतर दुसऱ्या घरात वाढणारे आपले मूल या 'कुटुंबीयां'तून वगळले गेलेले नाही. दरमहा त्याच्यासाठी पाठवलेली रक्कम दंड म्हणून भरली तर ती जड वाटेल. इबादत म्हणून, नीयत करून पाठवली तर तीच आपल्या सत्कर्मांच्या नोंदवहीत लिहिली जाईल.

ज्यांची सुबत्ता वाढली आहे त्यांनी या महिन्यात स्वतःहून रक्कम वाढवावी. ज्यांना तंगी आली आहे त्यांनी लपून न राहता ती सांगावी, आणि जेवढे हाती आहे तेवढे पाठवणे थांबवू नये. ज्या भगिनींना आपल्या मुलांचा हक्क मागावा लागतो आहे, त्यांनी तो निःसंकोच मागावा, हजरत हिंद (रजि.) यांनी तो थेट अल्लाहच्या प्रेषितांपुढे (स.) मागितला होता.

हे अल्लाह, आमच्या तुटलेल्या घरांतील मुलांचे तू रक्षण कर. त्यांच्या मनांत आईविषयी व बापाविषयी कटुता राहू देऊ नकोस. आमच्यातील सुबत्ता असणाऱ्यांना मोठे मन दे, तंगीत असणाऱ्यांना हलाल रोजी व सच्चेपणा दे, आणि निवाडा करणाऱ्यांना न्यायाची बुद्धी दे. आमच्यावर असलेले हक्क या जगातच फेडण्याची आम्हाला शक्ती दे, त्या दिवसापूर्वी, ज्या दिवशी ना दीनार कामी येईल ना दिरहम. आमीन.